कालनिर्णय जरा बाजूला करा

एडिसन, न्यू जर्सी
अक्षय्य तृतीया, ३० एप्रिल २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर हा विषय काढला की तुम्हाला लगेच आवाज येईनासा होतो. तीच लाइन आत्याच्या गुडघ्यांबद्दल बोलताना खणखणीत चालते. म्हणून हे पत्र. पत्राला 'हॅलो, हॅलो' म्हणून खाली ठेवता येत नाही.

विषय भिंतीचा आहे. व्हिडिओ कॉलवर तुम्ही बसता त्या खुर्चीमागे कालनिर्णय लटकतं. दिवाळीत ते खिडकीजवळ होतं. संक्रांतीला हातभर डावीकडे सरकलं. होळीला त्याच्याशेजारी अष्टविनायकाची तसबीर आली, आणि पाडव्याला तसबिरीच्या वर आणखी एक कालनिर्णय, मागच्या वर्षाचं. एका भिंतीवर दोन वर्षांची कालनिर्णयं कुणी लावत नाही, पंचांगकर्त्यांच्या घरीसुद्धा नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, भिंत मोकळी मोकळी दिसत होती." त्यातून एवढंच सिद्ध झालं, की आईला खोटं बोलता येत नाही. तिथे ओल आहे, ती वर चढतेय, आणि तुम्ही तिच्या मागोमाग देव चढवताय.

आता तुम्ही म्हणणार, अमेरिकेत जाऊन मुलीला भिंतीचं कळायला लागलं. खरंच लागलं. गेल्या दसऱ्याच्या सुमारास आम्ही हे घर घेतलं. घेण्याआधी इथे एक विधी असतो. एक तिऱ्हाईत माणूस बोलवायचा, त्याला आपण पैसे मोजायचे, आणि त्यानं आपल्याला आवडलेल्या घराची यथेच्छ निंदा करायची. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "निंदेला पैसे कशाला? अण्णाला तिकीट काढून पाठवून देतो."

अण्णाकाकांनी निंदा उत्तमच केली असती, पण ते शिडीवर चढले नसते. हा माणूस छपरावर गेला, धुराड्यात डोकावला, पोटमाळ्यात गुडघ्यांवर रांगला. घरातला एकूण एक नळ सोडून ठेवला आणि तळघरात जाऊन पाइपांकडे बघत बसला. प्रत्येक प्लगमध्ये तीन दिव्यांचं एक बूच खुपसलं. कुठे अर्थिंग नाही, कुठे वायरी उलट्या जोडल्यात, ते त्या दिव्यांवरून कळतं. दोन सुयांचं एक यंत्र भिंतीला टोचत चालला होता, ओल लागली की ते ओरडायचं. तुमचे जावई वही घेऊन त्याच्या मागे मागे, सत्यनारायणाला यजमान बसतात तसे: कळत काही नाही, पण मान वेळेवर हलतेय. संध्याकाळी जाडजूड अहवाल आला. पानोपानी फोटो, फोटोंवर लाल बाण. न्हाणीघराच्या खिडकीखाली लाकूड कुजलेलं, पन्हळ एका बाजूला कललेली, तापवणाऱ्या भट्टीचं वय झालेलं. तुम्ही फोनवर विचारलंत, "एवढे दोष, आणि तरी घेतलंत?" अहो, दोष कागदावर आले म्हणून तर मालकानं किंमत उतरवली!

एक तपासणी मात्र आपल्याकडे कधीच लागू होणार नाही. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू येतो, वास नाही, रंग नाही, फुफ्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानानंतरचं इथलं दुसरं मोठं कारण. तो मोजायला दारं-खिडक्या घट्ट बंद करून तळघरात दोन-तीन दिवस डबी ठेवतात. आपल्या वाड्यात रेडॉन साचायचा म्हटला, तर आधी एखादी खिडकी लागली पाहिजे.

खरी मजा अंगणात आली. हे घर १९५०च्या दशकातलं. त्या काळी इथली बरीच घरं तेलावर तापायची आणि तेलाची लोखंडी टाकी अंगणात पुरलेली असायची. पुढे गॅस आला. टाक्या राहिल्या जमिनीतच, गंजल्या, काहींतलं तेल मातीत झिरपलं. ती माती उपसून साफ करायचा खर्च ज्याच्या नावावर घर त्याच्या गळ्यात. म्हणून न्यू जर्सीत जुनं घर घेताना धातू शोधणारं यंत्र घेऊन एक माणूस अंगणभर फिरतो. वर हिरवंगार गवत, फुलं, आणि हा कानाला लावून चाललाय: खाली काय आहे?

तो फिरत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर सिटी पोस्ट होतं. महिनाही झाला नव्हता त्याला. २० सप्टेंबर २०२४, ऐन बुधवार पेठेत, समाधान चौकाजवळ सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ड्रेनेज साफ करणारा ट्रक उभा होता. पेव्हर ब्लॉक खचले आणि अख्खा ट्रक मागच्या मागे जमिनीत गेला. चालक वेळेवर बाहेर पडला, वाचला. खाली जुनी विहीर होती, असं बातम्यांत आलं. तो व्हिडिओ इथल्या प्रत्येक मराठी ग्रुपवर फिरला, लोक विचारायचे, "हे तुमच्याकडचंच ना?" मी अभिमानानं हो म्हणायचे. तुम्ही मात्र फोनवर शांतपणे म्हणालात, "ते आपल्यापासून लांब आहे." बाबा, लक्ष्मी रोड ओलांडला की सिटी पोस्ट. लांब आहे ते एडिसन.

आता आपल्या चौकातल्या विहिरीकडे वळते. आजोबांनी ती बुजवली, असं आपण सगळ्यांना सांगतो. आजोबांनी ती बुजवलेली नाही, झाकलेली आहे. वर लोखंडी गर्डर टाकले, त्यावर शहाबादी फरशी बसवली, मधोमध तुळशीवृंदावन आणून ठेवलं. नळाचं पाणी आलं होतं, विहिरीत पोरं पडतील ही धास्ती होती. त्यांचं काही चुकलं नाही. पण त्या गर्डरना खालून कायम दमट हवा लागतेय आणि वरून आई रोज तुळशीला पाणी घालतेय. त्यावर तुमची स्कूटर, भाडेकरूंच्या तीन मोटरसायकली, आणि आता खालच्या दुकानदारानं तिथेच मालाची खोकी रचायला सुरुवात केली आहे. ते गर्डर खालून कुणी शेवटचे कधी पाहिले? मी लहान असताना कोपऱ्यातली एक फरशी उचलता यायची, आम्ही त्यातून खडे टाकून 'बुडुक' ऐकायचो. तीच फरशी उचलायची, टॉर्च मारायचा आणि मोबाइलनं फोटो काढायचा. गंजाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर त्या दिवसापासून चौकात गाडी बंद. तुळस हलवायला आई तयार होणार नाही, पण आईचं वजन मोटरसायकलीहून कमी आहे.

मागे आला होतात तेव्हा आमच्या भाड्याच्या घराची भिंत बोटानं वाजवून तुम्ही विचारलं होतंत, "हे घर आहे का खोकं?" बरोबर आहे. लाकडी सांगाडा आणि वर जिप्समचा पुठ्ठा. लाथ मारली तर पाय पलीकडच्या खोलीत. पण या खोक्याचे मालक थंडीआधी पन्हळीतला पाला काढतात, भट्टीची जाळी बदलतात, धुराच्या घंटांचे सेल बघतात. आपला वाडा खाली काळा दगड, वर पानविटा, सागवानी खांब, कडीपाट. कागदोपत्री १८४०च्या आसपासचा. म्हणजे त्याला तीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा टिळक शाळेत जात असतील. आणि 'दगडी आहे, त्याला काय होतंय' या एका वाक्यावर तो उभा आहे.

असं पूर्वी नव्हतं, हे मला सांगायचंय. मला आठवतं, मे महिन्यात शाकारणीची माणसं यायची. अख्खं छप्पर उतरवून फुटकी कौलं बाजूला, पन्हळीत साठलेली कबुतरांची घाण बाहेर, वासे उघडे. माईआजी खाली उभी राहून वरच्या माणसाला विचारायची, "वासा कसाय?" तो कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोकायचा. आवाज खणखणीत आला की आजी पुढे सरकायची, बद्द आला की तिथेच उभी राहायची, आणि मग आजोबांना पाकीट काढावं लागायचं. आणि दिवाळीआधी चुना. चुना लावायचा म्हणजे सगळी कपाटं पुढे, सगळ्या तसबिरी खाली, कोनाडे रिकामे. वर्षातून एकदा घरातली प्रत्येक भिंत नागडी व्हायची आणि आठ-दहा जोडी डोळे तिच्यावरून फिरायचे. कुणी त्याला तपासणी म्हणत नव्हतं. कौलं काढून पत्रे टाकले, चुन्याच्या जागी ऑइल पेंट आला. डब्यावर लिहिलेलं, इतकी वर्षं बघायला नको. आपण अक्षरशः बघितलं नाही. त्या गोदरेजच्या कपाटामागे काय आहे, ते दादाच्या लग्नानंतर कुणाला ठाऊक नाही.

त्या ऑइल पेंटवरच आधी बोलू, कारण तुमच्या कालनिर्णयाचं मूळ तिथे आहे. जुनी भिंत दगडमातीची आणि चुन्याची. ती जमिनीतून थोडं पाणी घेणारच. पण चुना ते बाहेर सोडत राहतो, वारा लागतो, भिंत सुकते. आपण काय केलं? कंबरेइतकी ओल दिसली म्हणून सिमेंटचं प्लास्टर मारलं, वर चकाचक ऑइल पेंट. पाण्याला बाहेर पडायची वाट राहिली नाही. मग ते वर चढतं. सिमेंट संपतं तिथपर्यंत चढतं आणि तिथून फुटतं. भिंतीला लोणा लागतो, पांढरी भुकटी पडते, रंगाला फोड येतात. तुम्ही परत रंगारी बोलावता, तो परत खरवडून रंग लावतो, आणि पुढच्या वर्षी ओल आणखी एक वीत वर. उपाय उलटा आहे: ते सिमेंट काढून टाकायचं आणि परत चुन्याचा गिलावा करायचा. चुन्याचं काम जाणणारे कारागीर पुण्यात आहेत. विश्रामबागवाडा, नानावाडा यांची डागडुजी झाली ती अशाच हातांनी. हिरडा, गूळ घालून चुना मुरवत ठेवतात. आईला सांगा, निदान वासावरून तरी तिला आवडेल.

आणि पाणी येतं कुठून, ते ओट्यावर उभं राहून बघा. इथे बांधकामाचा नियम आहे, पायापासून पहिल्या दहा फुटांत जमिनीला सहा इंचांचा उतार हवा, घरापासून बाहेरच्या बाजूला. आपल्याकडेही उतार आहे, फक्त तो रस्त्याकडून घरात आहे. माझ्या लहानपणी ओट्याला तीन पायऱ्या होत्या. दर काही वर्षांनी डांबरावर डांबर, मग काँक्रीट. रस्त्यानं दोन पायऱ्या गिळल्या, आता तिसरी अर्धी दिसते. दोन तास पाऊस पडला की रस्त्याचं पाणी दिंडीतून पाहुण्यासारखं नाही, मालकासारखं आत येतं. दारापाशी आडवी जाळी टाकून पाणी बाजूच्या गटारात काढलं, तर निम्मी ओल तिथेच आटपेल. हे काम हजारांचं आहे. भिंत पडली तर आकडा मी या पत्रात लिहीत नाही, आईला रक्तदाब आहे.

आता माजघरातली तुळई. बाबा, सागवान दोनशे वर्षं टिकतं हे खरं, पण कोरडं राहिलं तर. तुळई मधोमध सहसा कुजत नाही. कुजते ती टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते. तिथे वारा नाही, भिंत ओली, आणि वाळवीला हेच आवडतं. म्हणून मधल्या कोरीव भागाकडे बघून 'काय काम आहे, वा!' म्हणण्यात अर्थ नाही. शिडी घ्या, टोकाशी चढा. नको, तुम्ही नका चढू, वरच्या भाडेकरूंच्या मुलाला चढवा. जाड स्क्रू-ड्रायव्हर घेऊन भिंतीलगत लाकडात दाबून बघायला सांगा. पाव इंचही जात नसेल तर उत्तम. लोण्यात जातो तसा गेला तर त्याच दिवशी खाली लोखंडी टेकू. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर नुसत्या पुसू नका, त्या पुसल्यानं वाळवी जात नाही, फक्त आपल्याला दिसेनाशी होते. आपल्या घरात ती पद्धत आधीच पुरेशी रुळली आहे.

त्या तुळईवर काय ठेवलंय, ते मी आता लिहिणार आहे आणि तुम्ही चिडणार आहात. दिवाळी अंक. पहिला दिवाळी अंक 'मनोरंजन'नं १९०९ साली काढला. आपल्या माळ्यावरचा ऐवज बघता त्यानंतर एकही सुटला नसावा. कागद जवळपास पाण्याइतका जड असतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच थप्पी म्हणजे पाऊण टनाच्या वर. माळ्यावर अशा किती आहेत हे मोजायला गेले होते, पण मोजणी अर्ध्यावर सोडली, कारण खाली आईची चहाची वेळ झाली होती आणि ती बरोबर त्या तुळईखाली बसते. मराठी साहित्यावर माझं प्रेम आहे, पण ते आईच्या डोक्यावर पडावं इतकं नाही. पुणे नगर वाचन मंदिर हाकेच्या अंतरावर आहे, १८४८ पासून पुस्तकं सांभाळतंय. त्यांना विचारून बघा. काही घेतील. उरलेल्यांसाठी अप्पा बळवंत चौकात रद्दीवाले आहेत. हे वाक्य आईनं बाबांना वाचून दाखवताना गाळलं तरी चालेल.

भेगांचं काय करायचं, तेही इथल्या माणसानं शिकवलं. भेग दिसली की घाबरायचं नाही आणि लांबीही भरायची नाही. भेग जिथे संपते तिथे पेन्सिलीनं आडवी रेघ आणि तारीख. मधोमध काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवायची. काच तडकली तर भिंत हलतेय. पावसाळाभर शाबूत राहिली तर ती भेग आजोबांच्या वेळची आहे, तिला राहू द्या. मेट्रोचा बोगदा पेठांखालून जाताना मार्गावरच्या जुन्या इमारतींची पाहणी झाली, मोजमापाची यंत्रं बसली, आणि ट्रक खड्ड्यात गेल्यावर नऊच दिवसांनी, २९ सप्टेंबरला, कसबा पेठ स्टेशनातून गाड्या सुटायला लागल्या. तेव्हा तुम्ही प्रत्येक भेगेचं खापर मेट्रोवर फोडत होतात. जिन्याखालची भेग मेट्रोची असेल तर मी लहानपणी तिच्यात बिट्ट्या लपवायचे त्या कशा? पेन्सिलीची तारीख असती तर हा वाद पाच मिनिटांत मिटला असता. अर्थात वाद पाच मिनिटांत मिटवणं हे आपल्या वाड्यात कुणालाच नको असतं.

मागच्या भिंतीतल्या पिंपळाबद्दल आईशी बोलायचंय. आई, पक्ष्यानं बी टाकलं, चुन्याच्या सांध्यात रुजलं, एवढीच त्याची कथा आहे. तो आपल्याकडे मुद्दाम आलेला नाही. तू त्याला पाणी घालतेस, हे मला वरच्या काकूंकडून कळलं. त्याची मुळं दगडांच्या फटीतून आत जातात आणि जाड होतात. दगड आपोआप सुटतात. तोडायचा नाही ना? नको तोडू. लहान आहे तोवर मुळासकट काढून घेऊ, कुंडीत लावू, मग नदीकाठी किंवा टेकडीवर नेऊन लावू. फांदी कापली तर तो परत फुटतो, म्हणून मूळ निघालं पाहिजे आणि फट चुन्यानं भरली पाहिजे. मुंजा त्यात असलाच तर त्यालाही टेकडीवर हवा बरी मिळेल.

वीज. तपकीर गल्ली आपल्या मागे. तिथून अर्धा महाराष्ट्र वायर नेतो आणि आपल्या घरात अजून लाकडी पट्टीवरची वायर आहे, वर कापडाचं वेष्टण, काळी बटणं. त्याच वायरीवर आता दोन एसी, गिझर आणि तुमचा तो भाकरी फुगवणारा ओव्हन. मे १८७९ मध्ये बुधवार वाडा जाळला गेला, त्याच रात्री विश्रामबागवाड्यालाही आग लावली गेली, हा इतिहास तुम्हीच मला सांगितलात. तेव्हा निदान आग लावायला माणूस लागत होता; आता जुनी वायर एकटी पुरते. नवं वायरिंग, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, एवढं मृगाआधी झालंच पाहिजे. ओल्या भिंतीत जुनी वायर, हे मी इथल्या त्या माणसाला सांगितलं तेव्हा त्यानं वही मिटली.

खर्च कुणी करायचा, हा प्रश्न तुम्ही केव्हापासून तोंडाशी धरून बसला असाल. कायद्यानं दुरुस्ती मालकाची. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ असं म्हणतो, की मालकानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूनं पंधरा दिवसांची नोटीस देऊन ती स्वतः करावी आणि भाड्यातून वळती करावी, पण वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापुरतीच. वरच्या काकूंचं भाडं महिना पंचेचाळीस रुपये. चौथा हिस्सा म्हणजे वर्षाला १३५ रुपये. एवढ्यात सिमेंटची अर्धी गोणीही येत नाही, आणि येत नाही ते बरंच आहे, हे वर सांगून झालं. म्हणजे काकू म्हणणार मालकानं करावं, तुम्ही म्हणणार एवढ्या भाड्यात काय करावं, आणि तुळई काही म्हणणार नाही.

आणि मालक तरी कोण? सात-आठ हिस्सेदार. तुम्ही, अण्णाकाका, नागपूरची आत्या, ठाण्याचे दोघे, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही ते. ओट्याची फरशी सामाईक, पन्हळ सामाईक, विहीर सामाईक. वाळवीनं वाटणीपत्र वाचलेलं नाही, ती सगळ्यांच्या हिश्श्यातून सरळ चालली आहे. आपल्या समोरच, दगडूशेठ गणपतीसमोरचा भिडेवाडा. १८४८ साली ज्योतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती जागा. स्मारक करायचं यावर सगळ्यांचं एकमत, पण जागेचा दावा वर्षानुवर्षं कोर्टात चालला, आणि तेवढा काळ प्रत्येक पावसाळ्यानं त्या वाड्याचं थोडं थोडं काम उरकलं. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला तेव्हा वाचवण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. तुम्ही त्या रात्री गॅलरीत उभे राहून बघत होतात, आणि सकाळी मला फोन केलात, आणि फार बोलला नाहीत. मला तेव्हाच हे पत्र लिहायचं होतं.

दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, कलम २६४ खाली. सी-१ म्हणजे रिकामा करा आणि पाडा. सी-२अ म्हणजे रिकामा करून दुरुस्त करा. सी-२ब म्हणजे राहून दुरुस्त करा. सी-३ म्हणजे किरकोळ. मला वाटतं आपला वाडा आज सी-२बच्या आसपास असेल. पण माझ्या वाटण्याला काही किंमत नाही, म्हणून मी एका संरचना अभियंता बाईंशी बोलले आहे. जुन्या लाकडी बांधकामाचं काम त्या करतात. काँक्रीटवर हातोडी मारून आकडे सांगणारा माणूस आपल्याला उपयोगाचा नाही, यांना कडीपाट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही, उलट त्यांनीच विचारलं, "गिलाव्यावर सिमेंट मारलंय का?" त्यांची फी मी भरली आहे. त्यावरून फोन करू नका, मला आवाज येणार नाही.

त्या येत्या रविवारी सकाळी नऊला येतील. टॉर्च, शिडी आणि एक मजूर त्या आणतील. तुम्ही फक्त कपाट भिंतीपासून हातभर पुढे घेऊन ठेवा आणि भिंतीवरच्या सगळ्या देवांना तेवढ्यापुरतं खाली उतरवा. आईनं पोह्यांचा घाट घालू नये, त्या काम करायला येणार आहेत. घालणारच असेल तर ओली मिरची कमी.

आता मुख्य अडचण. मागच्या अंगाची ती खोली. अण्णाकाकांनी वाटणीच्या भांडणात तिला कुलूप घातलं ते अजून तसंच आहे, आणि मागच्या भिंतीची, पिंपळाची, तुळईच्या दुसऱ्या टोकाची सगळी गोष्ट त्या खोलीत आहे. ती उघडल्याशिवाय पाहणीला अर्थ नाही. पोटमाळ्याची किल्ली आत्याकडे नागपुरात. गच्चीची ठाण्यात. आजवर तुम्ही दुरुस्तीसाठी म्हणून चार वेळा बैठक बोलावलीत आणि प्रत्येक वेळी तुम्ही आणि आई दोघंच चिवडा खाऊन उठलात.

त्याची मी व्यवस्था केली आहे. काल अण्णाकाकूला फोन केला आणि बोलता बोलता सांगितलं, की रविवारी वाड्याचं मोजमाप घ्यायला कुणीतरी येतंय, पुढे काय व्हायचं ते होईल, पण तू कुणाला बोलू नकोस. आज सकाळी उठते तो आत्याचा मेसेज, शनिवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट मिळालं म्हणून. ठाण्याचे दोघेही येतायत, एकाच गाडीतून. अण्णाकाका किल्ली शोधतायत, असं काकू म्हणाली. त्यांनी विचारलंच तर बिल्डर कोण ते तुम्हाला ठाऊक नाही म्हणून सांगा. खरंच ठाऊक नाही, तेव्हा तुम्हाला ते जमेल. आईला मात्र नऊ ते बारा देवळात पाठवा.

तुमची,
बेबी

ता. क. पोहे मग सगळ्यांसाठीच करावे लागतील.